दफन नोंदवही, कबरीवरचा लेख की मृत्युदाखला : इंग्लंडमधील गावाचा इतिहास कुठून शोधावा?

इंग्लंडमधील एखाद्या गावाचा इतिहास तिथल्या मृतांच्या नोंदींवरून शोधायचा असेल, तर हाताशी मुख्यतः तीन साधने असतात : पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्ती) चर्चची दफन नोंदवही, चर्चच्या आवारातील कबरींवरचे लेख आणि १ जुलै १८३७ पासून सुरू झालेली सरकारी मृत्युनोंद. एका घराण्याची वंशावळ जुळवताना तिन्ही लागतात. पण शोध संपूर्ण गावाचा असेल तर सुरुवात दफन नोंदवहीपासूनच करावी, असे माझे मत आहे.

पहिले कारण काळाच्या आवाक्याचे आहे. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने १५३८ साली प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे सुरू झाले. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा व दरवर्षीची नक्कल बिशपकडे पाठवण्याचा नियम आला, त्यामुळे मूळ वही हरवलेल्या गावातही काही वर्षे नकलेवरून भरून काढता येतात. (यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या, म्हणजे १६४२ ते १६६० या काळातील खंड मात्र बहुधा तसेच राहतात.) याउलट आवारात सतराव्या शतकापूर्वीचा दगड क्वचितच आढळतो, आणि नंतरच्या काळातही दगड उभारला जाई तो ज्यांना परवडे त्यांचाच.

वहीत मात्र मजूर, मोलकरीण आणि वाटेत मेलेला अनोळखी भिकारीही येतो. वायव्येकडील कंबरलँडमधल्या ग्रेस्टोकच्या वहीत १६२३ साली अन्नाअभावी मेलेल्या माणसांची नोंद आहे, त्यांत भुकेने गेलेले भिकाऱ्याचे मूलही आहे. असे मूल कोणत्याही दगडावर सापडणार नाही. दगडाचे मोल वेगळे आहे : पती-पत्नीचे, आईबापांचे आणि लहानपणी गेलेल्या मुलांचे नाते तो एका ठिकाणी सांगतो, जे वही फारच त्रोटकपणे सांगते.

वही वाचताना नावांपेक्षा महिन्यागणिक दफनांची संख्या मांडावी, म्हणजे साथीचे आणि दुष्काळाचे दिवस आपोआप वर येतात. डर्बीशरमधील ईम गावात १६६५-६६ च्या प्लेगने सर्वाधिक बळी ऑगस्ट १६६६ मध्ये घेतले, हे अशाच मोजणीतून स्पष्ट दिसते. मोजताना एक पथ्य पाळावे : १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील दफने मागील सालाखाली लिहिलेली असतात. १६७८ च्या कायद्यानंतर प्रेताला लोकरी वस्त्रातच गुंडाळावे लागे, आणि त्याऐवजी लिनन (जवसाच्या धाग्याचे कापड) वापरणाऱ्यांना पाच पौंड दंड होई. असा दंड भरल्याचा शेरा दिसला की घर सधन होते असे समजावे. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना त्यातून सूट होती, म्हणून त्या वर्षांत ‘निर्धन’ असा शेरा वाढलेला दिसला तर दारिद्र्य वाढले असा निष्कर्ष लगेच काढू नये.

१८१३ पासून छापील नमुना आला : एका पानावर आठ नोंदी, नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणारा पाद्री. राहण्याच्या ठिकाणामुळे वाडीनिहाय वर्गवारी सोपी होते, पण मृत्यूचे कारण मिळत नाही. ते सरकारी मृत्युदाखल्यावर, व्यवसाय आणि माहिती देणाऱ्याच्या नावासह, मिळते. अडचण अशी, की ही नोंद गावाऐवजी नोंदणी-जिल्ह्यानुसार लावलेली असते आणि दाखले एकेक करून पैसे भरून मागवावे लागतात. संपूर्ण गावाचे दाखले जमवणे खर्चाच्या दृष्टीने वेडेपणाच ठरेल. म्हणून वहीवरून ज्या महिन्यांत दफने एकदम वाढलेली दिसतात, त्याच महिन्यांतले मोजके दाखले मागवावेत.

वहीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ती मृत्यूंची नाही, दफनांची नोंद असते. क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची स्वतंत्र दफनभूमी असे, आणि बाप्तिस्मा न झालेली बालके व आत्महत्या केलेले यांना चर्चचा दफनविधी नाकारला जाई. अशी माणसे गावात होती का, हे अन्य कागदांवरून पडताळावे लागते.

शक्य तिथे छापील सूचीपेक्षा मूळ पानाचे छायाचित्र पाहावे, कारण सूचीत नाव आणि तारीख उतरते, पण समासातला शेरा बहुधा गळतो. शंभर वर्षांहून जुन्या वह्या १९७८ च्या नियमानुसार सहसा त्या-त्या काउंटीच्या (इंग्लंडमधील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) अभिलेखागारात जमा असतात, त्यामुळे पहिली चौकशी तिथेच करावी.