अडीच लाख घ्यायचे, की दावा लावायचा?

द्राक्षाच्या कंटेनरसोबत न्हावा शेवा बंदरावर गेलेल्या माणसाला तिकडं ट्रेलरनं ठोकलं, की नाशिकच्या घरात हाच प्रश्न उभा राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली ठरलेली रक्कम घ्यायची, की १६६ खाली भरपाईचा दावा लावून लढायचं?

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ही वेळ माझ्यावर आली. बंदराच्या रस्त्याकडेला कागद बघत उभा होतो. ट्रेलर रिव्हर्स आला, मागं क्लीनर नव्हता. उजवी मांडी मोडली, रॉड टाकावा लागला.

१६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. साक्षीदार नसेल, सीसीटीव्ही नसेल, घरात धावपळ करणारं कुणी नसेल, तर हा मार्ग मला तरी बरा वाटतो.

मला खटकला तो आकडा. हाड मोडलं की अडीच लाख, मग करंगळी असो की मांडी. माझ्या द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी मी खाटेवरून ऐकली. ऑक्टोबर छाटणीला काठी धरून बांधावर उभा होतो. माझ्या जागी लावलेल्या मजुरांची रोजंदारी बायको वहीत लिहीत होती. तडजोडीच्या कागदावर मी सही करणार, तेवढ्यात तिनं ती वही समोर ठेवली आणि विचारलं, "याचं काय?" त्या अडीच लाखांत वहीतल्या एका ओळीचाही हिशोब नव्हता. शिवाय ती रक्कम एकदा स्वीकारली की १६६ चा दावा संपतो.

१६६ मध्ये तीच वही पुराव्याला लागली, सातबारा आणि व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्यांसोबत. त्रास झालाच. "गाडीच्या मागे उभे का राहिलात?" हे उलटतपासणीत तीनदा ऐकलं. निकालाला दोन वर्षं गेली. पण दावा राहत्या ठिकाणी लावता येतो, त्यामुळे तारखांना कसारा घाट उतरावा लागला नाही. पोलिसांचे कागद आणायला तेवढं दोनदा गेलो.

कर्ता माणूस गेला असेल तर फरक फारच मोठा. वय ३५, महिना २० हजार, मागं चार माणसं अवलंबून. वर्षाच्या कमाईतून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव भाग वजा केला आणि वयानुसार ठरलेल्या १६ या गुणकानं गुणलं, की २८ लाख ८० हजार होतात. भविष्यातल्या वाढीचा हिशोब त्यावर वेगळा. अर्थात चालकाची चूक दाखवता आली पाहिजे. ती दिसली, की मालक आणि विमा कंपनी दोघंही जबाबदार धरले जातात.

कायद्यात दाव्याला ६ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकील लवकर गाठा. आणि घोड्याचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचा, व ट्रेलरचा, दोन्ही नंबर लिहून घ्या. दोघांचा विमा वेगळा असू शकतो. माझ्या भावानं मला उचलायच्या आधी दोन्ही नंबर प्लेटचे फोटो काढले होते. तेव्हा त्याचा राग आला होता.