सिंगलटन घ्यावा की डिपेंडन्सी इंजेक्शन?

दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर लिहायला बसलं की हा प्रश्न लवकरच समोर येतो. कराचे दर, दुकानाची सेटिंग्ज, आजची तारीख, हे सगळ्या कोडला लागतं. ते सिंगलटनमध्ये, म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच असलेल्या आणि कुठूनही हाक मारता येणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवायचं, की ज्या क्लासला लागेल त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट बनवतानाच, बाहेरून द्यायचं (हेच डिपेंडन्सी इंजेक्शन)? इथे इंदुरात छावणी आणि सियागंजच्या व्यापाऱ्यांसाठी मी दोन्ही तऱ्हेचा कोड सांभाळला आहे, तोही पीएचपी या भाषेत. जावा किंवा डॉटनेटवाल्यांचा अनुभव थोडा वेगळा असू शकेल.

सिंगलटनने सुरुवात झटपट होते, हे मान्यच करायला हवं. कुठूनही हाक मारा, ऑब्जेक्ट हजर. टीममध्ये आलेल्या नव्या मुलाला फारसं समजावावं लागत नाही. शिवाय साध्या पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्ट संपली की मेमरी पुसली जाते, त्यामुळे त्याचे दोष बरेच दिवस झाकलेले राहतात. लॉगरसाठी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या भागासाठी, तर मला तो आजही खटकत नाही. लॉगरमध्ये फक्त लिहायचं असतं, त्याला विचारून कुणी बिलाची रक्कम ठरवत नाही.

इंजेक्शन सुरुवातीला जड जातं. कन्स्ट्रक्टरमध्ये सहा-सात नावांची रांग लागते. समोर इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात एवढीच यादी) दिसतो, पण त्यामागे नेमका कोणता क्लास येतोय ते बघायला कंटेनरची, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून जोडून देणाऱ्या भागाची, नोंदणी उघडावी लागते, आणि नवी मुलं हमखास तिथेच अडकतात. पण रांग लांबली की हा क्लास नको तितकी कामं अंगावर घेतोय, हे निदान दिसतं तरी. सिंगलटनमध्ये तेच परावलंबन फंक्शनच्या पोटात दडून राहतं.

माझ्यापुरता निकाल लागला तो टेस्टमुळे, म्हणजे कोड बरोबर चालतोय का ते तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. इंदूर म्हणजे शेव-मिक्स्चरचं गाव, म्हणजे आमचे अर्धेअधिक ग्राहक त्यात आले. नवा दर लावणं सोपं होतं. अडचण परत येणाऱ्या मालाची होती. २० तारखेच्या बिलातला शेवेचा खोका २५ तारखेला परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने, म्हणजे १२ टक्क्यांनी निघायला हवी. एकाच दिवशी एकाच मालाचे दोन दर चालू.

हाती आलेल्या कोडमध्ये दराचा सिंगलटन होता आणि तो आजची तारीख स्वतःच वाचायचा. तारीख मागे नेऊन टेस्ट करता यावी म्हणून त्यात एक सेटर (बाहेरून तारीख बदलणारी मेथड) घातलेला होता. टेस्ट एकटी चालवली की हिरवी, म्हणजे पास. सगळ्या एकदम चालवल्या की डिस्काउंटची, जिचा या दराशी काही संबंध नाही ती, लाल! पीएचपीयुनिट हे टेस्ट चालवणारं साधन सहसा सगळ्या टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालवतं, त्यामुळे आधीच्या टेस्टने मागे नेलेली तारीख तशीच राहायची. क्रम बदलला की भलतीच टेस्ट लाल व्हायची. हळूहळू टीममध्ये लाल दिसलं की ‘परत चालवून बघ रे’ म्हणायची सवय पडली. हे मला सहन होईना. बिलातला कर चुकला तर त्याचं उत्तर दुकानदाराला द्यावं लागतं, आणि चूक पकडणाऱ्या टेस्टवरच आमचा भरवसा उरला नव्हता. रांगेतली कामं उरकत रात्रंदिवस चालणाऱ्या क्यू वर्करचीही तीच गत: मेमरी पुसली जात नाही, म्हणून एकदा धरून ठेवलेला दर मध्यरात्रीनंतरही तोच.

इंजेक्शनमध्ये हा घोळ मुळात होतच नाही. पीएसआर-२० या पीएचपीच्या सामायिक मानकात घड्याळाचा तयार इंटरफेस आहे, त्यात एकच मेथड. बिलाच्या क्लासला खरं घड्याळ द्यायचं, टेस्टमध्ये २० सप्टेंबरवर थांबवलेलं द्यायचं, आणि दर शोधणाऱ्या क्लासला तारीख बाहेरून सांगायची. क्रेडिट नोट मूळ बिलाची तारीख सांगते, विषय संपला.

तरी एक भेद लक्षात ठेवलेला बरा. ऑब्जेक्ट एकच असणं यात वाईट काही नाही. जावातल्या स्प्रिंग या फ्रेमवर्कचा कंटेनरसुद्धा, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक बीनचा (त्याच्याकडे नोंदवलेल्या घटकाचा) एकच ऑब्जेक्ट बनवतो. त्रास होतो तो ‘कुठूनही हाक मारा’ या सोयीचा. १९९४ साली ज्या चौघांनी २३ डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोड रचायच्या ठरावीक पद्धती, मांडले त्यांच्यातल्या एरिक गॅमा यांनीही २००९ च्या एका मुलाखतीत सिंगलटन यादीतून वगळावा असं मत दिलं होतं. मी इतका कडक नाही. अगदी छोटी, एकट्याने सांभाळायची स्क्रिप्ट असेल तर सिंगलटनने भागेल.

पण दर, तारीख, पैसे यांना हात लावणारा कोड असेल तर माझं मन इंजेक्शनकडेच झुकतं. फक्त कंटेनरच उचलून प्रत्येक क्लासला देऊ नका, नाहीतर सगळं परावलंबन पुन्हा दडून बसेल. जुना कोड असेल तर सगळं एकदम उपटायची गरज नाही. आधी आजची तारीख वाचणाऱ्या जागा शोधा, तिथे घड्याळ बाहेरून द्या, मग दरांकडे वळा. लॉगरला शेवटपर्यंत हात लावला नाही तरी चालेल.