यूव्हीखाली ठेवलेला इम्प्लांट: अकरा महिन्यांनंतर

आधी एक गैरसमज दूर करते, कारण माझा दाताचा इम्प्लांट यूव्हीखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाखाली, ठेवलेला आहे म्हटलं की घरी येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो: लाइट तोंडात मारतात का? लाइट तोंडात मारत नाहीत. हिरडीला, हाडाला काहीच लागत नाही. इम्प्लांट म्हणजे काढलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू; बसवायच्या आधी तो तेवढा एका छोट्या डब्यात बारा मिनिटं यूव्हीखाली ठेवतात, आणि लगेच बसवतात.

माझी खालची डावी मोठी दाढ जुन्या रूट कॅनॉलनंतर तडकली आणि काढावी लागली. जानेवारीत इम्प्लांट बसवला. यूव्हीचे अडीच हजार जास्त पडले आणि ते मला ऐनवेळी, पैसे भरताना कळले. आधी दिलेल्या अंदाजात त्यांचा उल्लेखही नव्हता. याचा राग अजून आहे.

पण डॉक्टरांनी समजावलं मात्र छान. टायटॅनियम पाकिटात निर्जंतुक असलं तरी महिनाभरात त्यावर हवेतल्या कार्बनी पदार्थांचा सूक्ष्म थर बसतो आणि पृष्ठभाग पाणी झटकायला लागतो; यूव्हीने तो थर निघतो. त्यांनी दोन चकत्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून दाखवला. साध्या चकतीवर तो अळूच्या पानावरच्या थेंबासारखा टपोरा बसून राहिला, यूव्हीतल्या चकतीवर क्षणात सपाट पसरला. हाडात स्क्रू गेला की रक्तही तसंच पसरतं आणि हाडाच्या पेशींना चिकटायला सोपं जातं, असा हा हिशोब.

घरी येऊन वाचलं. हे काम मुख्यतः लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या ताकाहिरो ओगावा यांच्या गटाचं. 2009 मध्ये त्यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात केलेल्या प्रयोगात इम्प्लांटला भिडलेलं हाड सुमारे 55 टक्क्यांवरून 98 टक्क्यांवर गेलं. आकडा जबरदस्त आहे, पण माझा जबडा म्हणजे उंदराची मांडी नव्हे. माणसांवरचे अभ्यास त्या मानाने लहान आहेत.

माझे आकडे सांगते. इम्प्लांट किती घट्ट बसलाय हे आयएसक्यू नावाच्या मापाने, 1 ते 100 मध्ये मोजतात. स्क्रूवर छोटी खुंटी लावून यंत्र नुसतं जवळ धरतात, दुखत नाही. पहिल्या दिवशी 64. दोन ते चार आठवड्यांत हा आकडा बहुधा खाली येतो, कारण जुनं हाड झिजतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं. माझा चौथ्या आठवड्यात 66 होता, दहाव्यात 75. मग कॅप बसली. परवाच्या एक्स-रेत स्क्रूच्या मानेजवळचं हाड अर्ध्या मिलिमीटरहून कमी उतरलंय. पहिल्या वर्षात दीड मिलिमीटरपर्यंत चालतं असं पूर्वी मानायचे.

हे यूव्हीमुळेच झालं का? माझ्या तोंडात तुलनेला दुसरा इम्प्लांट नाही. आमच्या दादाचा बिनयूव्हीचा आहे, सहा वर्षं झाली, तो त्याच बाजूने ऊस सोलतो. पण मला मधुमेह आहे, हाड धरायला वेळ लागेल अशी धाकधूक होती, म्हणून अडीच हजारांचं दुःख नाही. धडधाकट माणसाने दोनदा विचार करावा.

तक्रार वेगळीच आहे. कॅप आणि शेजारच्या दाढेच्या फटीत पालेभाजी हमखास अडकते. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस बारीक ब्रश फिरवायचा कंटाळा केला आणि इम्प्लांटभोवतीच्या हिरडीतून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, यूव्हीचं काम हाड धरेपर्यंतचं, पुढचं तुमच्या हातात. सफाई करून घेतली, आठवड्याभरात रक्त थांबलं. तेव्हापासून तो ब्रश चष्म्याच्या डबीत असतो, लग्नाच्या पंगतीलासुद्धा.