आठ ओहमचं लेबल, चार ओहमची कॉईल

धुळ्यातल्या एका घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जागी काचेच्या नळ्या असलेला एक अँप्लिफायर कापड टाकून बंद ठेवलेला आहे. डाव्या चॅनेलचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर, जळाला आहे. शेजारी बारा इंची स्पीकरची जोडी, लाकूड छान पॉलिश केलेलं. जळगावच्या एका दुकानातून हा जोड ४२,००० रुपयांना घेतला होता, वर दोन वेळा व्हॉल्व्ह बदलण्याचे ५,२०० रुपये गेले ते वेगळेच. घेणाऱ्याची चूक एवढीच, की त्याने स्पीकरच्या पाठीवरच्या लेबलवर विश्वास ठेवला. त्यावर ठळक छापलं होतं: ८ ओहम, ९६ डीबी. ओहम हे रोधाचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, आणि डीबी हे आवाजाचं. दुकानदारानेही छातीवर हात ठेवून सांगितलं, "आठ ओहमनाच शे भाऊ!"

जाळी काढून स्पीकर बाहेर घेतला की खरं काय ते दिसतं. लोखंडी बास्केट, म्हणजे स्पीकरचा सांगाडा, जुनी आहे, कडेचा रंग उडालेला आहे. कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा, मात्र कोरा करकरीत आणि मधल्या टोपीच्या कडेने डिंकाची ताजी, पिवळसर रेघ. म्हणजे कोन आणि त्याला हलवणारी तारेची कॉईल दोन्ही बदललेली. डीजे आणि बँडच्या धंद्यामुळे खानदेशात कोन बसवून देणारे कारागीर बरेच आहेत. त्यात वावगं काही नाही. हात चांगला असेल तर जुना स्पीकर पुन्हा वर्षानुवर्षं वाजतो. वावगं हे, की मिळेल ती कॉईल बसवायची आणि लेबल जुन्या आकड्याचं छापायचं.

मल्टिमीटर लावला तर काटा खोटं बोलत नाही. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरचा स्वतःचा रोध बघायचा, बहुधा ०.२ ते ०.४ ओहम निघतो, आणि तो वजा करायचा. मग स्पीकरची वायर सोडवून टर्मिनलवर मोजायचं. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.७. इथे डावा ३.३ आणि उजवा ३.४ निघाला. दोन मिनिटांचं काम. दुकानातच केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

आता ४ ओहमचा स्पीकर अँप्लिफायरच्या ८ ओहमच्या टर्मिनलवर लावला तर बिघडतं काय? ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरवर आवाज उलट थोडा वाढतो, म्हणून अनेकांना यात धोका वाटत नाही. व्हॉल्व्हचं गणित वेगळं. या सेटमध्ये प्रत्येक बाजूला ईएल८४ जातीचा एकच आउटपुट व्हॉल्व्ह आहे, त्यातून वाहणारा करंट सुमारे ४८ मिलिअँपिअर. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या स्पीकरला व्हॉल्व्हपुढे ५,००० ओहम करून दाखवतो. स्पीकर ४ ओहमचा झाला की तेच २,५०० होतात. करंट तेवढाच, पुढचा रोध (लोड) निम्मा. म्हणून ५ वॅटच्या जागी जेमतेम ३ वॅट मिळतात आणि त्याआधीच आवाज फाटायला लागतो. अँप्लिफायरला मागे ४ ओहमचं टर्मिनल होतं. फुकटात वायर तिथे हलवली असती तर हा अर्धा प्रश्न सुटला असता, पण लेबलवर ८ लिहिल्यावर कोण हलवणार?

दुसरा अर्धा प्रश्न डीबीचा. तो वायर हलवून सुटत नाही. संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते, १ वॅटला १ मीटरवर डीबीत मोजतात. ८ ओहमला १ वॅट म्हणजे २.८३ व्होल्ट, ४ ओहमला मात्र २ व्होल्टच. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की त्यात २ वॅट जातात आणि आकडा आपोआप ३ डीबीने फुगतो. जड कॉईल आणि जाड कोनामुळे मुळातच आवाज बसलेला. योग्य व्होल्टेज देऊन, माहितीच्या स्पीकरशी ताडून पाहिलं तर हा जोड सुमारे ८८ डीबीचा निघतो. ९६ डीबीवर ५ वॅट दिले तर १ मीटरवर १०३ डीबी मिळाले असते. ८८ वर ३ वॅट दिल्यावर ९३ देखील धड होत नाहीत. दहा डीबीचा फरक म्हणजे कानाला जवळपास निम्मा आवाज.

मग दुकानात इतका भरदार कसा वाजला? दहा बाय दहाचा गाळा, दोन्ही स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेले आणि गाणं नुसतं गळ्याचं आणि हार्मोनिअमचं. कोपऱ्यात खर्ज फुगतो. घरच्या मोठ्या खोलीत तबल्याचा बायाँ लागला की सगळं उघडं पडतं. ऐकायला जाताना स्वतःची गाणी न्या आणि स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढायला लावा.

तक्रार गेल्यावर दुकानदार म्हणाला, बल्ब (म्हणजे व्हॉल्व्ह) थकले. नवी जोडी बसवली. महिन्याभराने पुन्हा तेच, आणि मग दोष लाइनच्या व्होल्टेजला. हा दोष तपासता येतो. ईएल८४ च्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, १० टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे ५.७ ते ६.९. चौथ्या आणि पाचव्या पिनेवर एसी मोजायचं, इथे ६.४ मिळाले, म्हणजे दोष लाइनचा नव्हता. सांभाळून, सातव्या पिनेवर अडीचशे व्होल्टच्या आसपास असतात आणि सेट बंद केल्यावरही वीज साठवणारे कॅपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात. सवय नसेल तर माहितगारालाच हे करू द्या.

ट्रान्सफॉर्मर जळाला तो कोन बसवण्याच्या याच कामामुळे. कॉईलपासून टर्मिनलकडे येणारी विणलेली लवचिक तार आखूड घेऊन ताणून डाग दिला होता. कोन हलून हलून ती तुटली. डावी बाजू गप्प झाली म्हणून घरच्यांनी आवाज वाढवला. स्पीकरच नसल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेज बेसुमार चढतं, आतलं इन्सुलेशन फुटतं. व्हॉल्व्हचा सेट स्पीकर न जोडता वाजवायचा नाही, आणि एक बाजू गेली की आवाज न वाढवता आधी स्विच बंद करायचा. प्रत्येक आउटपुटला आडवा २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून घ्या, आवाजात फरक कळत नाही.

जुना जोड घेताना आणखी दोन गोष्टी बघा. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉईल मॅग्नेटला घासते आहे. आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, प्लसला प्लस दिल्यावर दोन्ही कोन बाहेरच यायला हवेत. या जोडीत उजवा आत गेला, म्हणजे कॉईल उलटी जोडलेली, आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकत होता.

बिलावर "स्पीकर ८ ओहम, मीटरवर अमुक ओहम" असं लिहून घ्या. दुकानाचं बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार देता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. धुळ्याच्या जोडाचं बिल आहे, पण त्यावर फक्त "म्युझिक सेट, १ नग" लिहिलेलं आहे.