एक्स्टेंशन शोधून बंद करावं की ब्राउझर रीसेट?

डिचोली-फोंड्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत जुन्या संगणकावर एखादं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा जादा प्रोग्राम, सारखं क्रॅश होऊ लागलं, की गिऱ्हाईक ताटकळतं. अशा वेळी मी आधी एक्स्टेंशनच शोधायला सांगेन. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. ब्राउझरचाच टास्क मॅनेजर उघडतो, कोण किती मेमरी खातंय ते दिसतं. तिथे कळलं नाही तर निम्मी एक्स्टेंशनं बंद ठेवून बघा, मग उरलेली.

रीसेट, म्हणजे ब्राउझरची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणं, झटपट होतं, बुकमार्क आणि पासवर्डही राहतात. पण सगळीच एक्स्टेंशनं बंद होतात, कुकीज जातात, म्हणजे जागोजागी पुन्हा लॉगिन. दारात रांग असताना ते नकोच.

वेबसाइटवरचे व्हिडिओ-गेम चालवणारा जुना फ्लॅश प्लगिन दिसला तर सरळ काढून टाका; ॲडोबीने त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आहे.