रात्रीचे ओलीत आणि फोनमधली वेळमर्यादा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी फोनच्या सेटिंगमधली वेळमर्यादेची सोय सुरू केली आणि मृग लागेपर्यंत, म्हणजे जवळपास आठ महिने, ती वापरली. मधे दोनदा रागाच्या भरात बंदही केली. ही सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये आधीपासूनच असते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत, पण तिच्याविषयी जे अनुभव वाचायला मिळतात ते बहुधा शहरातल्या नोकरदारांचे असतात. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय सव्वीस. दोन वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करून परत आलो आहे आणि आता सात एकर वावरात बाबांबरोबर कपाशी, तूर आणि रब्बीत हरभरा करतो.

सुरुवात करण्याचे कारण एक आकडा होता. दिवसाची सरासरी चार तास चाळीस मिनिटे, त्यातले तीन तास रील्सच्या एकाच ॲपवर, असे फोनने दाखवले. मला कोणी विचारले असते तर मी प्रामाणिकपणे दीड तास सांगितला असता. झोप उशिरा लागे, सकाळी कशातच मन नसे, मायवर विनाकारण चिडचिड होई, आणि पानठेल्यावर जाणेही मी टाळू लागलो होतो, कारण तिथे कोणी ना कोणी निकालाचे विचारीच.

सोयीची रचना साधी आहे. एकेका ॲपला दिवसाची मिनिटे ठरवून द्यायची. ती संपली की ॲपचे चिन्ह राखाडी होते आणि ॲप उघडत नाही. मी त्या ॲपला तीस मिनिटे दिली आणि रात्री दहानंतर पडद्यावरचे रंग काढून टाकण्याची सोयही लावली. रंग जाण्याचा उपयोग मला वाटला होता त्याहून जास्त झाला. रंगच नसले की लग्नाचा व्हिडिओही जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा दिसतो आणि बोट आपोआप मंदावते. पहिल्या तीन आठवड्यांत सरासरी दीड तासावर आली, झोप सुधारली, आणि मी दोन-चार मित्रांना ही सोय लावूनही दिली.

मग हरभऱ्याचे ओलीत सुरू झाले.

शेतीची वीज आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की तुषारचे पाइप मांडायचे, मोटार सुरू करायची, आणि पाइप बदलण्याची वेळ येईपर्यंत तीन-साडेतीन तास धुऱ्यावर बसून राहायचे. रानडुकरांमुळे जागल करावीच लागते, म्हणून घरी जाऊन झोपताही येत नाही. अंगावर घोंगडी, बाजूला बॅटरी, नोझलचा टक्-टक् आवाज, आणि माणूस म्हणून कोणी नाही. दिवसाची तीस मिनिटे तोवर संपलेली असत. पण ही वेळमर्यादा मध्यरात्री बारा वाजता पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे मी सर्वांत एकटा, थंडीने आखडलेला आणि मनाने कमकुवत असे, नेमक्या त्या वेळी फोन मला नवी तीस मिनिटे हातावर ठेवी. अकरा पन्नासपासून मी घड्याळाकडे पाहत बसू लागलो, हे कबूल करताना आजही संकोच वाटतो. तीस मिनिटे संपली की सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा काढून टाकायला दहा सेकंदही लागत नाहीत. ज्या दोन वेळा मी ती काढली, त्या दोन्ही अशाच रात्री होत्या.

त्यातली दुसरी रात्र डिसेंबरातली. एका परीक्षेचा निकाल लागला होता, आणि पुण्यात माझ्या खोलीत राहिलेला एक मुलगा गुलालाने माखून, गावच्या वेशीवर ट्रॅक्टरवर उभा होता. त्याच्या आईच्या गळ्यातही हार होता. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मोजले नाही. माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर पाइपाचा जोड निसटला होता आणि तासभर पाणी एकाच जागी साचत होते, पण कानात इअरफोन असल्याने आवाज बदललेला कळलाच नाही. पहाटे बाबा आले, बॅटरीचा झोत आधी तळ्यावर आणि मग माझ्या तोंडावर मारला आणि एवढेच म्हणाले, “पाणी कुठं चाललं अन् तू काय पाहून रायला बे?” जास्तीच्या पाण्याने हरभरा उभळतो; तेवढ्या तुकड्यात पुढे झाडे पिवळी पडली आणि काढणीला घाटे नव्हतेच. गहाणी, म्हणजे मळणी, झाली तेव्हा त्या तुकड्याचा विषय बाबांनी काढला नाही, याचे मला जास्त लागले.

त्या रात्रीनंतर माझ्या लक्षात आले की ही सोय मिनिटे मोजते, पण त्या मिनिटांत आपण काय पाहतो आणि कोणत्या अवस्थेत पाहतो, याचा हिशेब तिच्याकडे नाही. दुपारी बांधावर जेवताना पाहिलेली वीस मिनिटांची विनोदी रील्स माझे काही बिघडवत नव्हती. रात्री एक वाजता पाहिलेली गुलालाची दोन मिनिटे पुढचे चार दिवस खाऊन टाकत होती.

याविषयी थोडे वाचले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट आणि सहकाऱ्यांनी १४३ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणला आणि तीन आठवड्यांत त्या गटात एकटेपणा व नैराश्याची लक्षणे कमी झाली. मला त्यातली दुसरी नोंद अधिक महत्त्वाची वाटते : ज्यांनी वापर कमी केला नाही, केवळ आपला वापर नोंदवला, त्या गटातही चिंता आणि आपले काही सुटते आहे ही भीती कमी झाली. माझ्या पहिल्या तीन आठवड्यांतली सुधारणा बहुधा याच जातीची होती. आकडा पाहूनच मी वरमलो होतो. प्रयोग मात्र तीन आठवड्यांचा होता, आणि माझी परीक्षा सातव्या आठवड्यात, ओलिताच्या वेळी झाली. तुलनेचा त्रास कंपन्यांनाही ठाऊक होता. २०२१ साली फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन यांनी उघड केलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत, आपल्या शरीराविषयी वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाढते असे सांगितल्याची नोंद होती. त्या मुलींच्या डोळ्यांपुढे चेहरे आणि बांधे, आमच्यापुढे निकाल, गाड्या आणि लग्ने. शेती करणाऱ्या मुलाला स्थळ मिळणे आधीच अवघड असताना साखरपुड्याची रील्स पाहणे काय असते, ते इथे वेगळे सांगायला नको.

जानेवारीपासून मी वापराची पद्धत बदलली. जागलीला बटनांचा फोन नेतो. मोटारीचा मोबाइल स्टार्टर त्यावरूनही चालतो, बॅटरीचे काम होते, आणि मेमरी कार्डात भजने व काही जुनी नाटके भरून ठेवली आहेत. इअरफोन घरी राहतो, कारण नोझलचा आवाज ऐकू यायला हवा. स्मार्टफोनवर परीक्षेच्या काळातली साठेक खाती अनफॉलो केली, लाइकचे आकडे दिसू नयेत अशी सेटिंग केली, आणि त्या खोलीतल्या मित्राला चार दिवसांनी का होईना, फोन करून अभिनंदन केले. तो बराच वेळ बोलला. त्याला रुजू होण्याचीच भीती वाटत होती. ट्रॅक्टरवरच्या व्हिडिओत ती दिसण्याचे कारण नव्हते. फोन पूर्ण सोडणे मला जमणारे नाही, कारण बाजारभाव, पावसाचे अंदाज आणि कृषी केंद्राचे निरोप त्यावरच येतात.

उणिवा सांगायच्या तर मध्यरात्रीची पुनर्सुरुवात ही सर्वांत मोठी. दिवस पहाटे पाचला सुरू व्हावा असा पर्याय माझ्या फोनमध्ये सापडला नाही. दुसरी उणीव म्हणजे मर्यादा काढणे फार सोपे आहे. आणि ज्याला महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने या सोयीवर विसंबून राहू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो निःशुल्क आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. गावातल्या एका मुलासाठी मी स्वतः तो लावून दिला होता, आणि त्यासाठी बटनांचा फोन पुरला.

ज्याची रात्र घरात, माणसांत जाते, त्याच्यासाठी या सोयीला मी दहापैकी आठ गुण देईन. जागलीला जाणाऱ्यासाठी चारच, आणि तेही रंग काढून टाकण्याच्या सोयीमुळे. सध्या माझी सरासरी सव्वा तास आहे. पेरणीच्या धांदलीत तिला फारसा अर्थ नाही. खरा आकडा हरभऱ्याच्या पहिल्या ओलिताला कळेल.