दारू थांबल्यानंतर कुठे जावे: ए.ए.ची सभा की केंद्राचा पाठपुरावा गट?

उपचार घेऊन घरी परतलेल्या माणसाची खरी कसोटी त्यानंतरच्या महिन्यांत लागते, आणि तेव्हा आधारगटाला जायचे ठरवले तरी कोणत्या, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन पर्याय समोर येतात: अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए.ए. ही दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्पर-आधार संघटना, आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट, म्हणजे उपचारानंतर समुपदेशकासोबत होणाऱ्या बैठका.

ए.ए.ची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोन मद्यपींच्या भेटीतून झाली, आणि आजही तिथे समोर बसलेला माणूस तज्ज्ञ नसून त्याच वाटेने गेलेला असतो. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट असते. आडनाव सांगावे लागत नाही, फी नसते, आणि शेवटी फिरणाऱ्या पिशवीत काही टाकलेच पाहिजे असेही नाही. नवा माणूस मागच्या खुर्चीवर बसून केवळ ऐकून परतला, तरी चालते. पुढे स्पॉन्सर मिळतो, म्हणजे बराच काळ सोबर, दारूपासून दूर असलेला असा सभासद, ज्याला तलफ आल्यावर अवेळीही फोन करता येतो. माझ्या मते ए.ए.चे सर्वांत मोठे बळ याच फोनमध्ये आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानेही, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, ए.ए.कडे नेणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांइतके किंवा त्यांहून अधिक परिणामकारक ठरल्याचे नोंदवले आहे. ए.ए.च्या कार्यक्रमातील बारा पायऱ्यांमध्ये येणारा उच्चशक्तीचा, म्हणजे आपल्याहून मोठ्या शक्तीचा, उल्लेख मात्र काही नास्तिकांना खटकतो. ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावी, अशी मोकळीक आहे, तरीही अवघडलेपण वाटू शकते.

पाठपुरावा गटात समुपदेशकाला आपला पूर्वेतिहास ठाऊक असतो. स्लिप झाली म्हणजे पुन्हा दारू घेतली गेली, झोप उडाली किंवा नैराश्य आले, तर तो वेळीच डॉक्टरांकडे पाठवू शकतो. ए.ए.मध्ये मात्र हजेरी कोणी मांडत नाही, त्यामुळे येणे बंद केलेल्या माणसाची विचारपूस सहकाऱ्यांच्या आपुलकीवरच अवलंबून राहते. पत्नीला किंवा आईवडिलांनाही आपले म्हणणे मांडायचे असेल, तर केंद्र अधिक सोयीचे, कारण ए.ए.च्या बंद, म्हणजे फक्त मद्यपींसाठी असलेल्या सभेत त्यांना बसता येत नाही. त्यांच्यासाठी १९५१ साली स्थापन झालेली अल-ॲनॉन ही वेगळी संघटना आहे. केंद्राची अडचण अंतराची आहे. महिन्यातून एकदा तालुक्याहून शहरात जाणाऱ्याला मधल्या संध्याकाळी एकट्यानेच काढाव्या लागतात.

म्हणून सुरुवातीच्या काळात, जवळ सभा भरत असेल तर, आठवड्यातून अनेकदा ए.ए. आणि ठरलेल्या दिवशी केंद्र, अशी जोड मला सर्वांत भरवशाची वाटते. मात्र जो अजून रोज पितो आहे, त्याने गटाच्या भरवशावर दारू एकाएकी तोडू नये, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि त्यासाठी डॉक्टरांची देखरेखच लागते.